धड्याखालचे कठीण शब्द

गुरुदत्त खानझोडे सरांना मराठीत सगळं बोलता येत होतं. अडचण तीच होती.

चहात साखर कमी आहे, उशी जरा वर सरकव, खिडकीबाहेरची ती माजलेली बदकं आज कुठं उलथली, असं सगळं ते बोलत. वऱ्हाडी हेल काढून, थट्टा करत बोलत. उजवा हात लुळा पडला होता, पाय ओढत चालायचे, पण जिभेला धार होती. गेलं होतं ते फक्त इंग्रजी. पुसदच्या शाळेत ज्या माणसानं जन्मभर इंग्रजी शिकवलं, त्याला अमेरिकेत, पिस्कॅटवेतल्या दुमजली फ्लॅटमध्ये 'वॉटर' हा शब्द आठवत नव्हता. आणि ज्या एका माणसाशी त्यांना बोलायचं होतं, तिला मराठी येत नव्हतं. ती त्यांची नात होती. अनिका. दहा वर्षांची.

सावनी समोरच्या इमारतीत राहायची. पुण्याहून इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन आलेली, इथं विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकत होती. सरांची मुलगी प्रीता तिला इंडियन ग्रोसरीत भेटली, कढीपत्त्याच्या पेटीपाशी. ओळख झाली, मग येणंजाणं. सरांचं आजारपण आलं तेव्हा प्रीतानं विचारलं, "दुपारी थोडा वेळ बाबांपाशी बसशील का? मदतीला येणारी बाई चांगली आहे गं, पण तिला मराठी येत नाही. बाबा दिवसभर भिंतीशी बोलतात."

सावनी हो म्हणाली. तिला वाटलं, आपल्याला भाषा येतात. काहीतरी करता येईल.

आजारपणाआधीचे सर तिनं पाहिले होते. बायको गेल्यावर प्रीतानं त्यांना इकडे आणलं. दुपारी शाळेची पिवळी बस यायची, तिथं पत्रपेट्यांच्या शेजारच्या बाकावर कॉलनीतले आजी-आजोबा जमायचे. कोणी गुजराती, कोणी तेलुगू. नातवंडं बसमधून उतरायची, दप्तर आजोबांच्या हातात द्यायची, 'ओके' म्हणायची आणि पुढं चालायला लागायची. आजोबा मागून. दोघांत एवढंच बोलणं. सरांचं तसं नव्हतं. सर उभे राहायचे, छातीवर हात ठेवून वाकायचे आणि म्हणायचे, "वेलकम होम, यंग लेडी. काइंडली हँड ओव्हर युवर बर्डन." अनिका दप्तर द्यायची आणि तितकंच वाकून म्हणायची, "आय ॲम मच ऑब्लाइज्ड, आबा."

हे पुस्तकी इंग्रजी त्या दोघांचं होतं. घरात तिसरं कोणी असं बोलत नसे. जेवताना 'काइंडली पास द सॉल्ट', झोपताना 'परमिट मी टु रिटायर'. वर्गातल्या मैत्रिणी हसायच्या, तेव्हा अनिका अजूनच बोलायची.

बाकावरच्या सुलभा मावशी नाशिकच्या. त्यांच्या नातवाला त्यांचं एक अक्षर कळत नसे. त्या म्हणायच्या, "सर, तुमचं बरंय. तुम्ही नातीशी भांडू तरी शकता."

"भांडतो ना बाप्पा," सर म्हणायचे. "ती जिंकते."

हिवाळा सरत आला होता. रस्त्याकडेला मळकट बर्फ होता. त्या दिवशी थंडीमुळे बाकावर सर एकटेच होते. बस आली, अनिका उतरली, वाकली. सर बाकावरून उठले आणि मराठीत म्हणाले, "पाय जड झाला गं. घरी कोणाला तरी सांग."

ते तिच्याशी मराठीत कधी बोलले नव्हते. अनिकाला वाटलं, नवा खेळ आहे. ती खळखळून हसली. म्हणाली, "काइंडली रिपीट, सर!" त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. ती पुन्हा हसली, आणि आता शर्यत असणार असं वाटून घराकडे पळत सुटली. घरी गेली. दूध प्यायली. टीव्ही लावला. सरांना सुलभा मावशींनी पाहिलं, बर्फाशेजारी बसलेलं, तेव्हा बराच वेळ गेला होता.

दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये डॉक्टर म्हणाले, पक्षाघात आहे, थोडं आधी आणलं असतं तर. ते इंग्रजीत म्हणाले. प्रीताच्या कोटाला धरून अनिका उभी होती. तिला सगळं कळलं.

आधी सगळीच वाचा गेली होती. मराठी परत आलं, थोडं थोडं करून. इंग्रजी आलं नाही. कधी कधी असं होतं, डॉक्टर म्हणाले. एक भाषा येते, दुसरी येत नाही. का, ते सांगता येत नाही. वाचा सुधारणारी एक तरुण बाई घरी यायची. ती चित्रं दाखवायची. सफरचंदाचं चित्र दाखवलं की सर म्हणायचे, "सफरचंद." ती मान हलवायची, ओठ गोल करून दाखवायची. खुर्ची दाखवली की सर म्हणायचे, "खुर्ची. मोडकी आहे, वर नको बसू." तिला वाटायचं, हे काहीतरी बडबडतात. मग फोनवर दुभाषी लावायचे. दुभाषी हिंदी बोलायचा. सर त्याच्यावर वैतागायचे. काही आठवड्यांनी ती यायची थांबली. प्रगती दिसत नाही, असं तिच्या वरच्यांनी ठरवलं होतं.

पहिल्यांदा बाकावर नेलं तेव्हा सुलभा मावशी सरकून बसल्या. "या सर," त्या म्हणाल्या. "आमच्या मुक्यांच्या बाकावर तुमचीच कमी होती."

सर हसले. बस आल्यावर मात्र ते हसले नाहीत. अनिका उतरली, वाकली नाही. दप्तर स्वतःच्याच पाठीवर ठेवून ती त्यांच्यापुढं चालू लागली. फार पुढं नाही, पण बरोबरही नाही.

"तिला काय झालंय, ते मला माहीत आहे," सर एका दुपारी सावनीला म्हणाले. "ती हसली होती. तेच धरून बसली आहे. तिला सांगायचंय, पोरी, तू हसलीस म्हणून काही झालं नाही."

"मग मी सांगते ना, सर. तुम्ही मराठीत बोला, मी इंग्रजीत सांगते. लगेच."

"प्रीतानं सांगून पाहिलं. तूही सांग."

सावनीनं सांगितलं. शब्द निवडून, जपून सांगितलं. अनिका फ्रिजला टेकून उभी होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दॅट्स यू. दॅट्स नॉट हिम." मग वर निघून गेली. जिन्यावर पावलं वाजली, दार लागलं.

सावनीनं तिचे शब्द सरांना मराठीत सांगितले. ते म्हणाले, "खरं आहे तिचं. आम्ही दोघं इंग्रजीत बोलायचो. माझं तोंड उघडलं की तिच्यासाठी ते इंग्रजीतच उघडायला पाहिजे. एक वाक्य. मोठं काही नको."

"आणि सर," सावनीला राहवलं नाही, "ती लगेच घरी सांगती, तर..."

"तर फरक पडला असता. डॉक्टर खोटं काहून बोलतील?" ते खिडकीबाहेर पाहत होते. "म्हणून तर मीच म्हणायला पाहिजे. दुसऱ्यानं म्हटलं की ते खोटं वाटतं. मी म्हटलं, की तिला माफ केल्यासारखं होईल."

मुदत होती. प्रीतानं ठरवलं होतं, उन्हाळ्यात शाळा सुटली की बाबांना अमरावतीला आपल्या भावाकडे, प्रसन्नकडे पाठवायचं. तिथं शेजारीपाजारी आहेत, जुने विद्यार्थी आहेत, माणसं दारातून हाक मारतात. इथं सकाळी सगळे बाहेर पडले की घर गप्प. सर हो म्हणाले होते. ते भांडले नाहीत, आणि तेच प्रीताला लागलं होतं.

सावनीनं सुरुवात केली. ती वाक्य सावकाश म्हणायची. "इट वॉज नॉट युवर फॉल्ट." सर तिच्या ओठांकडे बघायचे. कपाळावर घाम यायचा. तोंडातून 'इ' यायचा, मग 'इस', मग मराठीत "इस्तरी", आणि ते स्वतःवरच चिडून डाव्या हातानं मांडी मारायचे. "दगड झाला आहे या डोक्याचा," म्हणायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

मग तिला एक गोष्ट आठवली. म्हणजे खरोखरची गोष्ट. सरांच्या बॅगेत तपकिरी कव्हर घातलेलं दहावीचं जुनं क्रमिक पुस्तक होतं. त्यात एका म्हाताऱ्या नावाड्याची गोष्ट होती. नदीकाठच्या खोपटात तो दिवा लावून बसतो, शेवटची होडी येईपर्यंत हलत नाही. सरांनी ती दरवर्षी शिकवली होती. अनिकालाही वाचून दाखवली होती. सावनीला वाटलं, जे इतकं खोल गेलंय ते कुठंतरी असेलच. साहित्य शिकलेल्या माणसाची ही श्रद्धा असते. तिची होती.

तिनं गोष्ट वाचली. सर ऐकत राहिले, अनोळखी गाणं ऐकावं तसे. "काही कळत नाही पोरी," ते म्हणाले. "आवाज मात्र ओळखीचा आहे."

धड्याखाली कठीण शब्द दिले होते. तिनं पहिला वाचला, "रिलक्टंट." सर गप्प. तिनं पुन्हा वाचला. गप्प. उन्हं भिंतीवरून खाली आली होती, बसची वेळ होत आली होती, आणि ती कंटाळली होती. पुस्तक मिटता मिटता तिनं स्वतःशीच, शाळेत सगळी पोरं ओरडायची तशा सुरात, अर्थ म्हटला, "नाखूश!"

सरांचा डावा हात वर गेला. तळवा तिच्याकडे. आणि ते म्हणाले, "वेअरी?"

सावनी हलली नाही. तिला वाटलं, आपण हललो तर हे पडेल. हळूच म्हणाली, "थकलेला."

"थ्रेशोल्ड?"

"उंबरठा."

"लिंगर?"

"रेंगाळणे."

"ड्विंडल?"

"कमी कमी होत जाणे."

"सॉलिट्यूड?"

"एकांत."

"बेकन?"

"खुणेने बोलावणे."

"पेरिश?"

"नष्ट होणे."

हात खाली आला. सर तिच्याकडे पाहत होते. "मी काय बोललो?" त्यांनी मराठीत विचारलं.

ते कसं घडलं हे त्यांनीच मग सांगितलं. पुसदला त्यांच्या वर्गात अर्थ कधी सर सांगत नसत. सर शब्द म्हणत आणि हात वर करत. अर्थ अख्ख्या वर्गानं ओरडायचा. वर्गानं ओरडल्याशिवाय पुढचा शब्द नाही. वर्ग गप्प राहिला, तर सर तोच शब्द पुन्हा म्हणत, पुन्हा म्हणत, शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावेपर्यंत. "एकदा तास संपला तरी मी एकाच शब्दावर उभा होतो," ते म्हणाले. "हेडमास्तर म्हणाले, खानझोडे, पुढं चला. म्हटलं, वर्ग आल्याशिवाय मी पुढं जात नाही."

त्या संध्याकाळी प्रीता ऑफिसातून आली आणि दारातच ऐकत उभी राहिली. पर्स खांद्यावरून घसरली तरी तिला कळलं नाही. ती रडली. "आलं," म्हणाली. "इंग्रजी आलं त्यांचं." सावनीलाही तसंच वाटलं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

मग अनिकाला शिकवायचं ठरलं. ती आधी तयार नव्हती. सावनी म्हणाली, "तुझं काम सोपं आहे. आबा शब्द म्हणतील, तू मराठीत ओरडायचं." अनिकानं ते शब्द पाठ केले. जिभेला न वळणारे. 'उंबरठा' तिला येईना, 'उंबर्था' यायचं. शाळेत जाता जाता, दात घासताना ती म्हणत होती, असं प्रीता म्हणाली. घरात जन्मापासून मराठी होतं, ते तिनं कधी उचललं नाही. आता उचललं.

रविवारी जेवणाच्या टेबलाशी ती सरांच्या समोर बसली, हात मांडीवर घेऊन. सावनीनं सुरुवात करून दिली. सर पहिल्या शब्दापासून बोलले. हात वर.

"रिलक्टंट?"

"नाखूश!" अनिका ओरडली.

"वेअरी?"

"ठकलेला!"

प्रीता हसली. सरही हसले, पण थांबले नाहीत. शब्द पुढं पुढं जात होते, अनिका खुर्चीवर गुडघे टेकून उभी राहिली होती, गाल लाल झाले होते. शेवटचा शब्द झाला तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या. आणि मग, जुन्या सवयीनं, वाकून विचारलं, "आबा, आर यू वेअरी?"

सर तिच्याकडे प्रेमानं पाहत राहिले. हात वर गेला. "रिलक्टंट?"

"नो, आबा. आर यू वेअरी? टायर्ड?"

"रिलक्टंट?"

ती थांबली. नाखूश, असं हळू म्हणाली. लगेच पुढचा शब्द आला. ती काही बोलली नाही. तोच शब्द पुन्हा आला. तिनं आईकडे पाहिलं, सावनीकडे पाहिलं. मोठ्यांना अजून कळलं नव्हतं ते तिला कळलं होतं.

"ही इज नॉट टॉकिंग टु मी," ती म्हणाली. "ही इज टॉकिंग टु द क्लास."

ती वर गेली. सरांनी हात वर धरलेलाच होता. सावनीला घाईघाईनं 'थकलेला' म्हणावं लागलं, आणि मग शेवटपर्यंत सगळे अर्थ तिनंच म्हटले, कारण मधे थांबवता येत नव्हतं.

वाचा सुधारणाऱ्या बाईला प्रीतानं फोन केला. ती म्हणाली, असं होतं. माणसं आकडे म्हणतात, प्रार्थना म्हणतात. साखळी राहते. पण कडी काढून हातात घेता येत नाही. ते बोलणं नव्हे. तिनं हे फार हळुवारपणे सांगितलं.

सावनीनं तरी कडी काढून पाहिली. 'थ्रेशोल्ड' एकटा. 'लिंगर' एकटा. फ्लॅटच्या उंबरठ्यावर सरांना उभं करून, बोटानं दाखवून. सर म्हणायचे, "उंबरठा. पाय जपून टाक." इंग्रजी शब्द यायचा तो रांगेतच यायचा. ओळ मोडली की मुका. साहित्याची पदवी घेताना तिनं भाषेवर निबंध लिहिले होते. त्यातलं एक वाक्यही तिला इथं कामाला आलं नाही.

सरांनी मात्र सोडलं नाही. ते वाक्य. दुपारभर घोकायचे. जूनच्या सुरुवातीला एकदा तोंडातून "नॉट" आलं. स्वच्छ. दुसऱ्या दिवशी "नॉट युवर". ते लहान पोरासारखे खूश झाले. "चल," म्हणाले. "आज बसवर जाऊ. तिला तिथंच सांगतो. तिथंच झालं होतं."

"सर, अजून एक शब्द बाकी आहे."

"तो येईल तोंडात. तिला पाहिलं की येईल."

सावनीला नाही म्हणता आलं नाही. शाळेचे शेवटचे दिवस होते. सरांच्या बॅगा हॉलमध्ये उघड्या पडल्या होत्या. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट मागितला, वरचं बटण लावून घेतलं. तिच्या दंडाला धरून, पाय ओढत ते बाकापर्यंत गेले. ऊन होतं. वाटेत ते पुटपुटत होते, नॉट युवर, नॉट युवर.

"आज अगदी शाळा तपासायला निघाल्यासारखे दिसताय, सर," सुलभा मावशी म्हणाल्या.

सर बोलले नाहीत. त्यांना तोंडातलं सांडू द्यायचं नव्हतं.

बस आली. लाल दिवे लागले, बाजूचा 'थांबा'चा फलक उघडला, गाड्या थांबल्या. मुलं उतरली. शेवटी अनिका. सर उठले. सावनीचा दंड सोडला. छातीवर हात ठेवून ते वाकले, तोल जाईल इतके वाकले, आणि सरळ झाले. अनिका जागच्या जागी उभी राहिली. ती वाट पाहत होती. बसच्या खिडक्यांतून मुलं पाहत होती.

सरांचे ओठ हलले. सावनी मनात म्हणत होती, नॉट युवर, नॉट युवर.

डावा हात वर गेला.

"रिलक्टंट?" सर म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं, की त्यांना हे म्हणायचं नव्हतं. पण हात वर होता.

खिडकीतून कोणीतरी हसलं. अनिकाचा चेहरा मिटला. "नाखूश," ती म्हणाली, जेमतेम ऐकू येईल असं. मग दप्तराचे पट्टे दोन्ही हातांनी घट्ट धरले आणि चालू लागली. पळाली नाही. मागं पाहिलं नाही.

"वेअरी?" सर तिच्या पाठीला म्हणाले.

बस गेली. थांबलेल्या गाड्या निघाल्या.

"वेअरी?"

सुलभा मावशी नातवाचा हात धरून उभ्या होत्या. काय करावं ते त्यांना कळेना. सावनी गप्प राहिली. हे उत्तर तिचं नव्हतं. ते जिचं होतं ती कोपऱ्यावर पोचली होती, आता वळत होती.

"वेअरी?"

कोपरा रिकामा झाला. सरांचा हात खाली येत नव्हता. वर्ग आल्याशिवाय ते पुढं जात नसत. सावनीनं जवळ जाऊन तो हात धरला.

"थकलेला," ती म्हणाली.

पुढचा शब्द येईल म्हणून ती थांबली. आला नाही. सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, जिथं तेव्हा बर्फ होता.

"चल पोरी," ते मराठीत म्हणाले. "वर्ग सुटला."

सावनीनं दंड पुढं केला, दोघं घरी आली. जिन्यापाशी त्यांनी वर पाहिलं. अनिकाच्या खोलीचं दार बंद होतं. सावनीनं त्यांना खुर्चीत बसवलं, वरचं बटण काढलं, पाणी दिलं. मग त्यांच्या सांगण्यावरून तपकिरी कव्हरचं पुस्तक बॅगेत तळाशी ठेवलं, स्वेटरांच्या खाली.